दिव्यावर आलेला करडा पतंग

गेल्या फेब्रुवारी महिन्यांतील गोष्ट. आमच्या अमरावतीच्या घरीं सायंप्रार्थनेची वेळ झाली होती आणि मुलें दिव्याखालीं गीतपुस्तक उघडून बसलीं होतीं. इतक्यांत एक लहानसा कीटक भिरभिरत आला, दिव्याभोंवतीं दोन-तीन घिरट्या घालून उघड्या पानावर पडला आणि तेथेंच पंख मिटून स्वस्थ बसला. गीत चालूं असतां मुलांचें लक्ष इकडेतिकडे जाऊं नये हें खरें. परंतु आमचेंच लक्ष गेलें, तेथें मुलांस काय बोलावें? प्रार्थना संपतांच आम्हीं त्यावर कांचेचा पेला उपडा घातला, खालून जाड कागद सरकविला आणि पाहुण्यास कैद केलें.

मग जो तो त्यास नांव देऊं लागला. धाकटा म्हणाला, ही माशी. थोरला म्हणाला, माशी नव्हे, उदईला पंख फुटतात तें हें. शेजारच्या काकू ओट्यावर भाजी निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं तेथूनच निकाल दिला कीं ही कसर असून आमच्या लोंकरी कपड्यांची आतां धडगत नाहीं. मुलांची आई म्हणाली, "ज्वारीच्या कोठींतलें पाखरूं आहे तें. मी तुम्हांला नाताळापासून सांगतें आहें कीं ज्वारी उन्हांत घाला."

मनुष्यास अगदीं आरंभीं जीं कामें मिळालीं त्यांत प्राण्यांस नांवें देणें हें एक होतें, असें उत्पत्तीच्या पुस्तकावरून दिसतें. तें काम त्या रात्रीं आमच्या घरांत मोठ्या हौसेनें चाललें होतें. परंतु नांव देणाऱ्या चौघांपैकीं एकानेंही पेल्याजवळ येऊन पाहुण्याकडे नीट पाहिलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, अनोळखी कीटक घरांत आला कीं 'हा चावतो काय?' हा पहिला प्रश्न आणि 'ह्यास मारूं काय?' हा दुसरा. आमची विनंती इतकीच कीं, ह्या दोन्ही प्रश्नांच्या आधीं त्याचे पंख मोजावे. माशी, डास, चिलट यांस पंख दोनच असतात. मधमाशी व गांधीलमाशी यांस चार. परंतु ते पातळ कांचेसारखे असून त्यांतील शिरा स्पष्ट दिसतात. भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख टरफलासारखे कठीण होऊन खालच्या दोहोंवर झांकण घालतात. उदईच्या पंखांची गोष्ट निराळीच. ते चारही सारख्या लांबीचे, शरीराहून लांब आणि थोड्याच वेळांत गळून पडणारे. शिवाय ती थव्यानें बाहेर पडते ती बहुधा पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर, फेब्रुवारींत नव्हे. थोरल्या चिरंजीवांचें मत तेथेंच बाद झालें. माशीही टिकली नाहीं, कारण पेल्याच्या कांचेस पंख घासले होते तेथें करडी भुकटी लागलेली दिसली. ही भुकटी म्हणजे अतिशय सूक्ष्म खवले. घरावर कौलें शाकारावीं तसे ते पंखांवर ओळीनें बसलेले असतात, आणि अशी कौलारू रचना फुलपाखरें व पतंग यांच्या पंखांची असते. फुलपाखराच्या मिशा टोंकाला गांठीसारख्या जाड. आमच्या पाहुण्याच्या मिशा दोऱ्यासारख्या, शेवटपर्यंत निमुळत्या. तेव्हां हा पतंग होय, येथवर आम्ही पांच मिनिटांत आलों. धाकट्यानें विचारलें, "एवढेंच?" एवढेंच नव्हे. पृथ्वीवर पतंगांच्या एक लाखाहून अधिक जाति आहेत, आणि त्यांतील ही कोणती हा खरा प्रश्न पुढेंच होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं उजेडांत भिंग व मोजपट्टी घेऊन बसलों. पंख पसरले असतां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सतरा मिलिमीटर भरले. पुढच्या पंखांचा रंग करडा-तपकिरी, त्यावर काळसर, वेडेवांकडे डाग. मागचे पंख फिकट रुपेरी, कडेला लांब केंसांची झालर. तोंडापुढें दोन बारीक अवयव बैलाच्या शिंगांसारखे वर वळलेले. आणि मिशीच्या अगदीं मुळाशीं, तिच्या पहिल्या पेरावर, पांच-सहा लांब ताठ केंस, फणीच्या दातांसारखे. ही फणी पाहून आम्हांस कांहींतरी आठवूं लागलें. परंतु नुसत्या आठवणीवर निकाल देणें बरें नव्हे, आणि काकूंचा व मुलांच्या आईचा पक्ष अजून ऐकून घ्यावयाचा होता.

काकूंची कसर म्हणजे पवित्र शास्त्रांत संपत्तीचा नाश करणारी म्हणून जिचें नांव येतें तीच. तिची अळी लोंकर, पिसें, केंस असे प्राणिज पदार्थ खाते. तिचा पतंग पिंवळट सोनेरी रंगाचा, आणि त्याचा स्वभाव असा कीं उजेड दिसला कीं तो कपड्यांच्या घडींत पळतो. जो पतंग आपण होऊन दिव्याकडे आला आणि रंगानें करडा आहे, त्यास कसर म्हणणें म्हणजे चोर पकडावयाचा सोडून भलत्यास धरणें होय.

ज्वारीच्या पाखराचा पक्ष मात्र बळकट होता. हा पतंगही एवढाच, मागच्या पंखांस तशीच झालर, आणि धान्य सांठविलेल्या घरांत तो संध्याकाळीं दिव्याभोंवतीं हमखास दिसतो. त्याची अळी दाण्याच्या आंत राहून पीठ खाते, तेथेंच कोश करते, आणि बाहेर पडतां पडतां दाण्यास वाटोळें भोंक ठेवून जाते. फ्रान्स देशाच्या आंगूम्वा प्रांतांत अठराव्या शतकांत त्यानें गव्हाची एवढी नासाडी केली कीं इंग्रजी ग्रंथांत आजही तो त्या प्रांताच्या नांवानें ओळखला जातो. पण त्याचा रंग वाळलेल्या कडब्यासारखा, फिकट पिंवळा असतो, आणि आमच्या पाहुण्याचा तसा नव्हता. "जुना झाला असेल, मळला असेल," असें उत्तर आलें. पंख झिजले म्हणजे रंग फसवितो ही गोष्ट खरी असल्यामुळें आम्ही गप्प बसलों.

थोरल्यानें मध्येंच मोबाईलवर छायाचित्र काढून नांव सांगणाऱ्या एका साधनास विचारलें. साधनानें तीन नांवें सांगितलीं आणि तिन्ही परदेशांतील पतंगांचीं. हीं साधनें निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. मोठ्या, ठळक रंगाच्या फुलपाखरांस तीं पुष्कळदां बरोबर ओळखतात. परंतु करड्या रंगाच्या लहान पतंगाच्या छायाचित्रांत फणीही दिसत नाहीं आणि हा कीटक कोणत्या खोलींत सांपडला हेंही दिसत नाहीं.

खोलीचा हा विचार मनांत आल्याबरोबर आम्ही उठलों. पतंग कोठून आला असेल? खिडक्यांस जाळी आहे. त्या संध्याकाळीं दारही लोटलेलें होतें. म्हणजे पाहुणा बाहेरचा नसून घरचाच असण्याचा संभव अधिक. त्या दृष्टीनें शोधावयास लागलों तों आणखी दोन तसेच पतंग मुलांच्या खोलींत खाटेमागच्या भिंतीवर बसलेले आढळले. कोठी स्वयंपाकघरांत आणि पतंग मुलांच्या खोलींत! खाटेखालीं वांकून पाहिलें तों तेथें धोतराच्या जुन्या पानांत बांधलेलें कापसाचें गांठोडें. अकोला जिल्ह्यांत बार्शीटाकळीकडे आमची सासुरवाडी आहे. तेथून डिसेंबरांत, मुलांच्या गाद्या भरण्यासाठीं म्हणून, वेंचणीचा तो कापूस सरकीसकट आला होता आणि आम्हीं तो खाटेखालीं सारून विसरून गेलों होतों.

आतां दोन पक्ष झाले, ज्वारी आणि कापूस. अशा वेळीं वाद घालण्यापेक्षां बरण्या मांडाव्या हें बरें. रुंद तोंडाच्या तीन कांचेच्या बरण्या घेतल्या. एकींत ज्वारी भरली, दुसरींत गांठोड्यांतील कापूस, तिसरींत काकूंच्या समाधानासाठीं एका जुन्या लोंकरी मोज्याचे तुकडे. तोंडांवर मलमलीचा कपडा बांधला, प्रत्येकीवर तारीख लिहिली, आणि रोज सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं मुलांनीं पाहून वहींत टिपावें असें ठरलें. हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास घरीं करतां येईल; त्यास खर्च नाहीं, फक्त धीर लागतो, आणि बरणी रोज उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो.

चौथ्या दिवशीं कापसाच्या बरणींत एक पतंग दिसला. सातव्या दिवशीं तीन झाले. ते करडे-तपकिरी, काळसर डागांचे, आणि भिंगाखालीं धरतां मिशीच्या मुळाशीं तीच फणी. आम्हीं मोठ्या ऐटीनें बरणी स्वयंपाकघरांत नेऊन दाखविली. परंतु नवव्या दिवशीं ज्वारीच्या बरणींतही दोन पतंग निघाले! ते कडब्याच्या रंगाचे, फिकट, सडपातळ. ज्वारी सुपांत पसरली तों भोंके पडलेले दाणे निघाले. म्हणजे मुलांच्या आईचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. घरांत पाहुणे एक नसून दोन जातींचे होते, आणि पहिल्या दिवशीं आम्हीं कोणत्याही एका मताचा हट्ट धरला असता तर अर्धेंच सत्य हातीं लागलें असतें. ज्वारी त्याच रविवारीं उपासनेहून आल्यावर गच्चीवर पसरली गेली. मोज्यांच्या बरणींतून कांहींच निघालें नाहीं. काकूंचें समाधान मात्र अजूनही झालेलें नाहीं.

मग कापूस चादरीवर पसरून आम्ही सर्वजण सरकी चिंवडूं लागलों. पुष्कळशी सरकी चांगली निघाली. पण मधून मधून दोन सरक्या एकमेकींस चिकटून जोडल्यासारख्या लागत. अशी एक जोडी नखानें उकलली तों आंत दोन्ही सरक्या पोंखरून, रेशमासारख्या धाग्यानें त्यांची खोली करून, एक अळी निजलेली. अर्ध्या इंचाहून किंचित् लहान, अंगावर शेंदरी-गुलाबी पट्टे. धाकट्यानें ती तळहातावर घेतली तेव्हां ती हळूच वळवळली.

नांव आतां निश्चित झालें. हा पतंग म्हणजे शेंदरी बोंडअळीचा पतंग, जिला कोणी गुलाबी बोंडअळी म्हणतात. आमच्या पालकांपैकीं जे शेतकरी आहेत त्यांस ह्या नांवाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु अळी ओळखणारांपैकीं पुष्कळांनीं तिचा पतंग ओळखून पाहिलेला नसतो, कारण तो दिवसा झाडाच्या पानांखालीं किंवा जमिनीच्या भेगांत लपून बसतो आणि रात्रीं उडतो.

ह्या कीटकाचें पहिलें शास्त्रीय वर्णन आपल्याच देशांतील नमुन्यांवरून झालें आहे. १८४२ सालीं गुजराथेंत भडोच येथील सरकारी कापूस-लागवडींत एका अळीनें बोंडें नासविलीं. ती कोणती हें कळावें म्हणून नमुने विलायतेस पाठविण्यांत आले, आणि लंडनच्या कीटकशास्त्र मंडळांतील सॉंडर्स यांनीं त्यांचें वर्णन करून कपाशीच्या लॅटिन नांवावरून त्यास 'गॉसिपिएला' हें नांव दिलें. पुढें १९१७ सालीं बस्क नांवाच्या अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं त्यास निराळ्या कुलनामाखालीं घातलें. तें कुलनाम 'पेक्टिनोफोरा', म्हणजे फणी धारण करणारा. आम्हांस भिंगांतून दिसलेले पांच-सहा केंस ते हेच. भडोचच्या त्या मनुष्यासही आमच्यासारखाच प्रश्न पडला असला पाहिजे, हा किडा कोणता? फरक इतकाच कीं त्यास उत्तरासाठीं समुद्रापलीकडे पत्र पाठवावें लागलें.

ह्या पतंगाचे पंख फारसे बळकट नाहींत, तरीही त्यानें पृथ्वीचा निम्मा घेर पालथा घातला. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानांतून गेलेल्या सरकीबरोबर तो इजिप्त देशांत शिरला. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ सालीं मेक्सिकोंत, आणि १९१७ सालीं अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत. दर वेळीं वाहन एकच, दोन सरक्यांच्या मधली ती रेशमी खोली. आमच्या गाद्यांच्या कापसांतून तो बार्शीटाकळीहून अमरावतीस आला तो त्याच वाहनांतून.

आतां त्याचा शेतांतील क्रम थोडक्यांत सांगतों, कारण पुढची गोष्ट त्यावर अवलंबून आहे. मादी कपाशीच्या पात्यांवर, फुलांवर व कोंवळ्या बोंडांवर शंभराहून अधिक बारीक अंडीं घालते. अळी आरंभीं पांढुरकी असते. शेंदरी रंग तिला मोठेपणीं येतो. ती फुलांत शिरली म्हणजे पाकळ्या आंतून धाग्यानें शिवून टाकते, मग फूल उमलत नाहीं, मिटल्या गुलाबासारखें राहतें. शेतकरी त्यास डोमकळी म्हणतात. बोंडांत शिरली तर तिनें पाडलेलें सुईच्या टोंकाएवढें भोंक बोंड वाढतां वाढतां बुजून जातें. बाहेरून बोंड हिरवेंगार, आंत अळी सरकी खात असते. पिंजून पांढरा शुभ्र व्हावयाचा कापूस पिंवळा पडतो, डागाळतो, त्याची कवडी होते. अळी एकदां बोंडाच्या आंत गेली कीं वरून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. अंड्यापासून पतंगापर्यंत हा फेरा चार ते सहा आठवड्यांत होतो, आणि हंगामांत असे कित्येक फेरे होतात. परंतु हंगाम संपत आला, थंडी पडली, म्हणजे शेवटच्या अळ्यांपैकीं पुष्कळशा पतंग न होतां सरकींत, वाळलेल्या बोंडांत, जमिनीवरच्या पालापाचोळ्यांत तशाच निजून राहतात. कांहीं महिने, क्वचित् वर्षाहूनही अधिक.

ह्या निजलेल्या अळीनें वऱ्हाडावर काय ओढवलें हें पालकांस सांगावयास नको. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि २००६ सालीं दोन जनुकांचें वाण आलें. ह्या कपाशीच्या झाडांतच बोंडअळीस मारक असें प्रथिन तयार होतें. कांहीं वर्षें फवारे कमी झाले, शेतकरी निर्धास्त झाला. कंपनीच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीचें थोडें बीं मिळे. तें कडेनें लावावें, म्हणजे तेथें विषाची संवय नसलेले पतंग वाढतील व संवय जडलेल्यांशीं त्यांचा संकर होऊन संवयीची पिढी बळावणार नाहीं, अशी ती योजना होती. पुष्कळांनीं तें बीं बांधावर टाकून दिलें. आम्ही त्यांस एकट्यांस दोष देत नाहीं; ज्यांनीं पिशवी विकली त्यांनीं त्या लहान पुडीचा अर्थ किती जणांस समजावून सांगितला, हेंही विचारलें पाहिजे. २०१० सालीं गुजराथेंत एका जनुकाच्या कपाशीस ही अळी दाद देत नाहीं असें जाहीर झालें, आणि २०१७ च्या हंगामांत दोन जनुकांच्या कपाशीवरही तिनें महाराष्ट्रांत, विशेषतः विदर्भांत, हाहाकार उडविला. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीची विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले.

हें सर्व मनांत असतां खाटेखालचें गांठोडें पाहून आम्हांस स्वस्थ बसवेना. आमच्या घरीं दोन पायली कापसांतून इतके पतंग, तर जेथून तो आला तेथें काय असेल? मार्चच्या पहिल्या शनिवारीं बडनेऱ्याहून रेल्वेनें अकोल्यास व तेथून मोटारीनें सासुरवाडीस गेलों. बरोबर काड्यांच्या पेटींत दोन पतंग आणि एक जोडसरकी घेतली होती.

मुलांचे थोरले मामा घरींच होते. त्यांची ओसरी छपरापर्यंत कापसानें भरलेली, आणि परसांत भिंतीला टेकून पऱ्हाटीची गंजी. पेटी उघडून दाखवितांच ते हंसले व म्हणाले, "हे पाखरू त आमच्या घरी रोज रातच्यानं येते, जवाईबुवा. ज्वारीचं असन म्हनून आमी लक्षच नाई देल्लं." आमच्या घरांत झाली तीच चूक, तेंच नांव! मग पऱ्हाटीच्या गंजींतून वाळलेलीं, न उमललेलीं बोंडें काढून फोडलीं. दहांपैकीं तीन बोंडांत अळी जिवंत होती. दादांचें हसूं मावळलें. २०१७ सालीं त्यांच्या शेतांतील निम्म्याहून अधिक कापसाची कवडी झाली होती आणि त्या वर्षाचें कर्ज फेडावयास पुढचीं तीन वर्षें लागलीं होतीं.

आम्ही शिकविण्याच्या संवयीनें लगेच सांगूं लागलों कीं, घरांत कापूस सांठवूं नये, पऱ्हाटीची गंजी ठेवूं नये, जानेवारीनंतर पाणी देऊन फरदड घेऊं नये. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दर वर्षीं हेंच सांगतात. दादांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "भाव नाई म्हनून कापूस घरात हाये. हौस म्हनून नाई ठेवला. अन् पऱ्हाटी नाई ठेवली त चूल कशावर पेटवाची?" ह्यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. फळ्यासमोर उभें राहून जें सोपें वाटतें तें ओसरींत बसून तितकें सोपें नसतें.

रात्रीं जेवणानंतर पुन्हां बोलणें निघालें, आणि ह्या वेळीं आम्हीं उपदेश न करतां हिशेब मांडला. फेब्रुवारी-मार्चमध्यें जे पतंग निघतात त्यांस शेतांत कपाशीचें फूल मिळालें नाहीं, तर ते संतति न वाढवितां मरतात. त्यांचें भय थोडें. भय आहे तें जून-जुलैपर्यंत निजून राहणाऱ्यांचें, आणि फरदडीवर मधले महिने काढणाऱ्यांचें. म्हणजे प्रश्न पऱ्हाटी ठेवावी कीं नाहीं एवढाच नाहीं, ती कोठवर ठेवावी हाही आहे. असें मांडल्यावर दादाच म्हणाले कीं जूनच्या आधीं चुलीला किती लागते तें घरांत बायांना ठाऊक असतें. तेवढी ठेवूं, बाकीची यंत्रानें बारीक करून शेतांत मिसळूं. फरदड ह्या वर्षीं सोडली. कापसाविषयीं मात्र ते अडून बसले. शेवटीं तो मार्चअखेर गेला, भाव मनासारखा न मिळतां. त्यानंतर पंधरवड्यानें दर थोडा चढला, आणि त्याबद्दल मुलांच्या मामी आम्हांस अजून बोल लावतात. तो बोल आम्ही मुकाट्यानें ऐकतों, कारण तो अगदींच अन्यायाचा नाहीं.

अमरावतीच्या गांठोड्यांतील कापूस आम्हीं हातानें वठून सरकी चुलींत जाळली, आणि गाद्या नाताळाऐवजीं ईस्टरला भरल्या गेल्या.

पावसाळ्यांत दादांनीं शेतांत एकरीं दोन कामगंध सापळे लावले. ह्या पतंगाची मादी नरास बोलावण्यासाठीं जो गंध सोडते त्याची रचना १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं उकलली. तोच गंध कृत्रिम रीतीनें तयार करून रबराच्या लहानशा गोळींत भरतात, आणि फसलेले नर सापळ्याच्या पिशवींत अडकतात. एका सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय योजण्याची वेळ झाली असें समजावें, असा नियम आहे. अमेरिकेनें २०१८ सालीं आपल्या कपाशींतून ही अळी पार नाहींशी झाल्याचें जाहीर केलें, त्यांत बीटी कपाशी, पऱ्हाटीचा वेळेवर नाश आणि प्रयोगशाळेंत वाढविलेले वांझ पतंग विमानांतून सोडणें यांबरोबर ह्या गंधाचाही भाग होता. तेथें हजारों एकरांचे मळे एका आज्ञेंत चालले. आमच्याकडे एका बांधाला पांच शेजारी, आणि त्यांतील दोघांनीं फरदड घेतली होती.

सापळे मोजण्याचें काम दादांच्या मुलीकडे आहे. ती सातवींत शिकते. रोज सकाळीं पिशवी काढून पतंग मोजते आणि मोजलेला आंकडा वहींत लिहिते, आणि दर रविवारीं आम्हांस पाठविते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यांतील तिचे आंकडे असे: दोन, शून्य, तीन, तीन, एक, चार, दोन. सप्टेंबरांत एकदां नऊ आले, दुसऱ्या रात्रीं अकरा. त्या दिवशीं घरांत कोणाचें जेवणाकडे लक्ष नव्हतें. तिसऱ्या रात्रीं पांच आले. त्यानंतर दादा स्वतः पहाटे उठून तिच्याआधीं शेतांत जाऊं लागले आहेत असें ती लिहिते. तीं दोघें दर आठवड्यास वीस हिरवीं बोंडें तोडून फोडतात आणि आंत पाहतात, कारण बोंडावरून आंतलें कळत नाहीं.

परवां गांवाहून कोणी आलें, त्याच्याबरोबर तिनें एक काड्यांची पेटी पाठविली. सोबतच्या चिठ्ठींत लिहिलें आहे: "आत्याच्या घरचे काका, हा पतंग दिव्यावर आला. करडा नाई. सापळ्यातलाही नाई. पंख चार हायेत, मीं मोजले." पेटी आमच्या मेजावर आहे. पतंग फिकट रंगाचा असून त्याच्या पुढच्या पंखांवर मधोमध एक हिरवा पट्टा आहे. शाळेंतील ज्या मुलांस तो पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. भिंग आहे, मोजपट्टी आपली आणावी.